जप्त माल आणि सरकारचे उत्तरदायित्व : घोडबंदर मार्गाच्या परिसरातील एका प्रश्नाचा इतिहास

ठाण्याहून माजिवडे, मानपाडा, ओवळे, गायमुख या गावांवरून घोडबंदरकडे जाणारा मार्ग दोन सरकारी खात्यांच्या मधून गेलेला आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्याच्या एका अंगास वसईची खाडी आहे. मीठ, जकात आणि ताडीमाडी यांवर नजर ठेवणारे अधिकारी त्या अंगाचे. दुसऱ्या अंगास येऊरचा डोंगर आहे व तेथे जंगल खात्याची सत्ता चालत आली. मिठागरातील मीठ, डोंगरातील लाकूड व गवत, माडाची ताडी, यांपैकी कोणतीही वस्तू अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेल्यावाचून बाजारास पोचत नसे. अधिकाऱ्याने माल अडविला, जप्त केला, तो पडून नासला किंवा नाहीसा झाला आणि अखेरीस मालकाचा काहीच अपराध नव्हता असे ठरले, तर ते नुकसान कोणी भरून द्यावयाचे? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर शोधण्यास मात्र न्यायालयांना शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि मिळालेले उत्तर अद्यापि पुरते समाधानकारक नाही.

१७३७ च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांच्या हाती आली. १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. या मधल्या काळातील मराठी राज्यकारभारात सरकारी माणसांकडून झालेल्या नुकसानीची कल्पनाच नव्हती असे नाही. लष्कराच्या वाटचालीने उभे पीक तुडविले गेले तर ‘पायमल्ली’ या सदराखाली सारा सोडून देण्याची रीत पेशवाईच्या दप्तरांत जागोजाग आढळते. परंतु ही सूट होती, भरपाई नव्हे. रयतेने अर्ज करावा, कमाविसदाराने पाहणी करावी, हुजुरास वाटल्यास त्या सालचा वसूल कमी व्हावा, असा तो क्रम असे. रयतेने सरकारवर दावा लावावा आणि तिसऱ्याच कोणी त्याचा निवाडा करावा, ही कल्पना त्या व्यवस्थेत बसणारी नव्हती. उलट एवढे मान्य केले पाहिजे की, नुकसान ज्याच्या हातून झाले तो शिपाई कोणत्या अधिकाराने वागत होता, असला प्रश्न त्या व्यवस्थेत उद्भवतही नसे. पीक तुडविले गेले आहे की नाही, एवढेच पाहिले जाई.

इंग्रजी अमलात न्यायालये आली आणि दाव्याची वाट खुली झाली. तथापि त्याच वेळी तिच्या तोंडाशी अडसरही आला. मुंबईचे कलेक्टर स्पूनर यांनी शेतसाऱ्याच्या जातीच्या एका थकबाकीसाठी केलेल्या जप्तीवरून त्यांच्यावर मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा झाला. तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला व १८५० मध्ये निकाल लागला. महसुलाच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाला अधिकार नाही, आणि आपण कायद्याप्रमाणे वागत आहो असा अधिकाऱ्याचा प्रामाणिक समज असेल तर तो समज चुकीचा असला तरी त्याचे संरक्षण जात नाही, असे त्या निकालाचे सार आहे. पुढील शतकभर प्रत्येक कायद्यात ‘सद्भावपूर्वक केलेल्या कृत्याबद्दल दावा चालणार नाही’ असे जे कलम दिसते, त्याचे बीज या विचारात आहे.

अधिकाऱ्यावर दावा नाही, तर सरकारवर तरी चालेल काय? कंपनीचे राज्य संपून १८५८ चा कायदा झाला, त्याच्या ६५ व्या कलमात एक वरवर निरुपद्रवी वाक्य आले. कंपनीवर ज्या प्रकारचे दावे होऊ शकत होते, त्याच प्रकारचे दावे कौन्सिलसहित भारतमंत्र्यावर होऊ शकतील, असा त्याचा आशय होता. त्याचा अर्थ लावण्याची पहिली महत्त्वाची वेळ कलकत्त्यास आली. किद्दरपूरच्या सरकारी गोदीत काम करणाऱ्या मजुरांनी रस्त्यातून लोखंडाचा अवजड तुकडा नेताना हयगय केली, त्यामुळे पेनिन्शुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. दावा होता अवघ्या ३५० रुपयांचा. १८६१ मध्ये सर बार्नेस पीकॉक यांनी सरकारला जबाबदार धरले. परंतु तसे करताना एक भेद घालून दिला. खाजगी माणसालाही करता येईल असे काम सरकार करीत असेल तर त्याने इतरांप्रमाणे भरपाई द्यावी. केवळ सार्वभौम सत्तेलाच करता येईल अशा कृत्याबद्दल मात्र दावा चालू नये. गोदी चालविणे हे पहिल्या वर्गात पडले, म्हणून घोड्याचे पैसे मिळाले. मीठ जप्त करणे, गाळप-परवाना नाकारणे, जंगलातील लाकूड अडविणे ही कामे कोणत्या वर्गात पडणार, हे सांगावयास नको. १८७६ मध्ये कलकत्ता न्यायालयाने गांजाच्या दुकानाच्या परवान्याविषयीच्या दाव्यात अबकारी हे सार्वभौम सत्तेचेच अंग असल्याचा अभिप्राय दिला.

याच्या विरुद्ध दिशेने जाणारा एक निकाल आहे व तो मिठाच्याच व्यापारातून निघालेला असल्याने या किनाऱ्याच्या इतिहासात त्याला विशेष स्थान आहे. मुंबई इलाख्यात १८३७ च्या कायद्याने मिठावर मणी आठ आण्यांचा कर बसला होता. १८७७ पर्यंत तो वाढत अडीच रुपयांवर गेला. ही वाढ होत असताना मुंबईहून मलबारच्या बंदरांकडे निघालेले मीठ समुद्रावर होते. निघताना त्यावर जुन्या दराने कर भरलेला. पोचल्यावर नव्या दराने फरक मागण्यात आला. हरी भानजी या व्यापाऱ्याने ती रक्कम तक्रार नोंदवून भरली व परत मिळण्यासाठी दावा लावला. हे सार्वभौम सत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात पाहताच येणार नाही, असा सरकारचा बचाव होता. १८८२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो फेटाळला. सरकार ज्या वेळी देशातील कायद्याचा आधार घेऊन प्रजाजनाकडून काही घेते, त्या वेळी त्या कायद्याचे माप त्यालाही लागू पडते. कायद्याबाहेरचे राजकृत्य परराष्ट्राच्या किंवा परकीयांच्या संबंधात संभवते, स्वतःच्या प्रजेच्या बाबतीत नव्हे, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. हा विचार पुढे रुजला असता तर या विषयाचा इतिहास निराळा झाला असता.

मुंबईत तो रुजला नाही, हे शिवभजन दुर्गाप्रसाद यांच्या खटल्यावरून दिसते. माहीमच्या चीफ कॉन्स्टेबलाने, म्हणजे लोकांच्या भाषेत फौजदाराने, एका व्यापाऱ्याचे वाळल्या गवताचे भारे चोरीचा माल समजून जप्त केले. आरोपी निर्दोष सुटले. गवताची मात्र दरम्यान हेळसांड झाली होती. गवताची हेळसांड म्हणजे काय, हे ठाणे जिल्ह्याच्या पावसाची ज्याला कल्पना आहे त्याला समजावून सांगण्याचे कारण नाही. त्या काळी मुंबईतील घोड्यांना व गुरांना लागणारे गवत मोठ्या प्रमाणावर याच जिल्ह्यातून जात असे, आणि भिजलेला भारा बाजारात कोणी घेत नसे. व्यापाऱ्याने भारतमंत्र्यावर दावा केला. १९०४ मध्ये मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या न्यायालयाने तो नामंजूर केला. कारण असे देण्यात आले की, फौजदाराने माल जप्त केला तो सरकारच्या हुकमावरून नव्हे, तर कायद्याने त्याला व्यक्तिशः दिलेल्या अधिकारावरून. कर्तव्य कायद्याने लादलेले असेल तर ते करताना झालेल्या चुकीबद्दल नोकर ठेवणारा जबाबदार नाही. कलकत्त्याचा १८६१ चा निकाल बरोबर आहे की नाही, याविषयीही जेंकिन्स यांनी साशंकता व्यक्त केली.

या निकालाचे मर्म नीट पाहिले पाहिजे. गोदीतील मजुरास कायद्याने कोणताच अधिकार दिलेला नव्हता, म्हणून त्याच्या चुकीचे पैसे सरकारने दिले. फौजदारास दार उघडण्याचा, माल उचलण्याचा, माणूस अडकविण्याचा अधिकार होता, म्हणून त्याच्या चुकीचे पैसे कोणीच दिले नाहीत. अधिकार जेवढा मोठा तेवढी भरपाईची आशा कमी, असा हा व्यस्त हिशेब होता. नुकसानीचा आकार, मालकाची निरपराधता, अधिकाऱ्याची हयगय यांपैकी एकही गोष्ट त्यात निर्णायक ठरत नव्हती. पायमल्लीच्या सुटीत जो प्रश्न उद्भवतच नव्हता, तोच येथे एकमेव प्रश्न होऊन बसला.

मार्गाच्या दुसऱ्या अंगास, डोंगराकडे, हीच गोष्ट दाव्यांच्या नव्हे तर गाऱ्हाण्यांच्या रूपाने दिसते. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की, मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये निघाला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्यास लागणारा राब, त्यासाठी तोडावयाचा टहाळ, जळाऊ लाकूड, गुरांची चराई, या नित्याच्या गोष्टींवर गार्ड आणि राउंड गार्ड यांची मर्जी चालू लागली होती. राबाचे दिवस हुकले की त्या सालचे पीक हुकते. अशा नुकसानीचा आकडा पंचनाम्यात लिहिता येत नाही. म्हणूनच कदाचित या जिल्ह्यातील शेतकरी न्यायालयात गेलेला फारसा दिसत नाही आणि कमिशनपुढे मात्र दिसतो.

अधिकाऱ्यांच्या जाचाविरुद्ध कायद्यांत काहीच तरतूद नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९२७ च्या जंगल कायद्याच्या ६२ व्या कलमाप्रमाणे, विनाकारण व छळण्याच्या बुद्धीने माल जप्त करणाऱ्या अधिकाऱ्यास सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात असे ठरविले होते. १९४४ च्या मध्यवर्ती अबकारी व मीठ कायद्याच्या २२ व्या कलमात अशाच अपराधास दोन हजार रुपयांपर्यंत दंड होता. परंतु ही शिक्षा आहे, भरपाई नव्हे. दंड सरकारजमा होतो. त्यातील काही भाग पीडितास देवविणे हे फौजदारी व्यवहारसंहितेप्रमाणे न्यायालयाच्या इच्छेवर असे. शिवाय छळाची बुद्धी सिद्ध करावी लागते. बहुतेक नुकसान छळाने होत नाही, आळसाने होते. आणि आळसास या कलमांत शिक्षा नाही. त्याच कायद्यांतील ७४ वे व ४० वे कलम सद्भावनेचे कवच अधिकाऱ्यास देते.

दावा करावयाचाच झाल्यास वेळेचे बंधनही कडक होते. दिवाणी व्यवहारसंहितेच्या ८० व्या कलमाप्रमाणे सरकारला दोन महिन्यांची आगाऊ नोटीस द्यावी लागे व अद्यापिही द्यावी लागते. कायद्यानुसार केलेल्या कृत्याबद्दलच्या भरपाईच्या दाव्यास १९०८ च्या मुदत कायद्याने केवळ नव्वद दिवसांची मुदत ठेवली होती, मग त्यातून नोटिशीचा काळ वगळला जात असो. १९६३ च्या कायद्याने ती एक वर्षाची झाली. ज्याचा माल मुद्देमाल म्हणून कचेरीत पडला आहे आणि ज्याच्यावरील खटला अजून संपलेला नाही, त्याने एवढ्या अवधीत नुकसानीची मोजदाद करून दावा लावावा, ही अपेक्षा कायदा करणाऱ्यांना अवास्तव वाटली नाही. अशा दाव्यात पंचनाम्याचे महत्त्व सर्वांत मोठे असते. मालाचे वजन, नग, स्थिती त्यात लिहिलेली नसेल तर काय गेले हे दाखविण्याचा उपाय उरत नाही. मालकाला आपल्या बाजूचा मुख्य पुरावा प्रतिपक्षाच्या हातून लिहून घ्यावा लागतो, हे या व्यवहाराचे एक विलक्षण अंग आहे.

स्वातंत्र्यानंतर हे बदलेल अशी अपेक्षा होती. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५६ मध्ये आपला पहिलाच अहवाल अपकृत्यांबद्दल राज्याच्या उत्तरदायित्वावर लिहिला व त्यासाठी कायदा करण्याची शिफारस केली. १९६२ मध्ये राजस्थानातील विद्यावतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जीपच्या चालकाच्या निष्काळजीपणाबद्दल राज्यास जबाबदार धरले. परंतु जप्तीचा प्रश्न आला तेव्हा पाऊल मागे पडले. कस्तुरीलाल रलियाराम जैन या पेढीच्या भागीदारास सप्टेंबर १९४७ मध्ये मीरतेस पोलिसांनी अडवून त्याच्याजवळचे १०३ तोळे ६ मासे १ गुंज सोने ठाण्यात ठेवले. तेथील हेड कॉन्स्टेबल ते सोने घेऊन पाकिस्तानात गेला. चांदी परत मिळाली, सोने मिळाले नाही. २९ सप्टेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावा नामंजूर केला. अटक, झडती व जप्ती हे सार्वभौम अधिकार होत, हे कारण.

निकालपत्र मुख्य न्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचे आहे. मुंबई उच्च न्यायालयात बारा वर्षे न्यायासन भूषविलेल्या या न्यायाधीशांची दृष्टी कामगार-कायद्याच्या क्षेत्रात किती उदार होती हे सर्वश्रुत आहे. तेच येथे १८६१ च्या भेदापाशी थांबले. पोलिसांची हयगय त्यांनी नाकारली नाही. निष्कर्षाने आपण अस्वस्थ झालो आहो हेही त्यांनी नमूद केले आणि कायदेमंडळाने उपाय करावा असे सुचविले. त्याप्रमाणे १९६५ व १९६७ मध्ये विधेयके आली, पण कायदा झाला नाही. न्यायाधीशांनी कायदेमंडळाकडे बोट दाखवावे आणि कायदेमंडळाने काहीच करू नये, या स्थितीत प्रश्न तीस वर्षे राहिला. मधल्या काळात न्यायालयांनी मुख्य सिद्धांत न सोडता आडवाटा काढल्या. १९६७ मध्ये जुनागढच्या जकात अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या मोटारगाड्यांच्या बाबतीत, माल परत देण्याचे कायदेशीर बंधन असताना तो सांभाळणारा विश्वासू या नात्याने सरकार जबाबदार आहे, असे ठरले.

सगळेच कायदे मुके होते असेही नाही. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात निरीक्षकाने जप्त केलेला माल निर्दोष ठरल्यास तो परत द्यावा, आणि प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक नाही इतकी भरपाई राज्य सरकार सांगेल त्या निधीतून देवविण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला असावा, अशी तरतूद होती. हा विचार इंग्लंडमधील १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या ३०८ व्या कलमाशी मिळताजुळता आहे. फरक एवढाच की तेथे पूर्ण भरपाई हा हक्क होता व येथे ती मॅजिस्ट्रेटच्या विवेकाधीन राहिली. तरीही दोष कोणाचा हे न शोधता नुकसान भरून द्यावे, हे तत्त्व भारतीय कायद्याला अपरिचित नव्हते, एवढे यावरून सिद्ध होते. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ पासून अमलात आल्यावर जुना कायदा गेला. नव्यात छळ करणाऱ्या अधिकाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा शिक्षाच. परदेशांतही हा संकोच आढळतो. अमेरिकेने १९४६ मध्ये सरकारवरील अपकृत्याच्या दाव्यांना वाट दिली, परंतु जकात व अबकारी अधिकाऱ्यांनी अडवून ठेवलेल्या मालाचे दावे त्यातून वगळले.

निर्णायक वळण आंध्र प्रदेशातील एका व्यापारी पेढीच्या खटल्याने आले. खते व धान्य यांचा परवाना असलेल्या नागेंद्र राव यांच्या गुदामातील माल ऑगस्ट १९७५ मध्ये दक्षता विभागाच्या निरीक्षकाने जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली जप्त केला. खताची वेळीच विल्हेवाट लावण्याचा हुकूम असूनही तो अमलात आला नाही. पुढील वर्षी थोडा माल सरकारजमा करून बाकीचा परत देण्याचा आदेश झाला, तेव्हा मालकाला घेण्याजोगे काही उरले नव्हते. एक लाख सहा हजारांवर रकमेचा हा दावा उच्च न्यायालयात हरला. ६ सप्टेंबर १९९४ रोजी न्यायमूर्ती रा. म. सहाय यांनी सर्वोच्च न्यायालयात तो मंजूर केला. माल जप्त करण्याचा अधिकार कायद्याचा असला तरी तो सांभाळण्याचे कर्तव्यही त्याच कायद्याचे आहे, आणि ते चुकल्यास राज्य सार्वभौमतेच्या आड लपू शकत नाही, ही त्यांची मांडणी मूलतः १८८२ च्या मिठाच्या निकालाच्या वळणावर जाते. त्याच्या दहा महिने आधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात याच न्यायमूर्तींनी छळाबद्दलची भरपाई अखेर संबंधित अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल व्हावी असे म्हटले होते. कस्तुरीलालचा निकाल मात्र रद्द ठरविण्यात आला नाही. तो अंशतः बाजूस सारला गेला, एवढेच.

घोडबंदर मार्गाच्या परिसराला या नव्या दृष्टीचा लाभ कितपत झाला? येथील अलीकडचे सर्वांत मोठे प्रकरण मालाचे नव्हे, जमिनीचे आहे. १९५६-५७ च्या सुमारास जंगल खात्याने १९२७ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली खाजगी वनजमिनींना नोटिसा काढल्या. त्यांतील पुष्कळ नोटिसांवर पुढे काहीच कारवाई झाली नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी अशी वने शासनाच्या मालकीची झाली. तरीही तीस वर्षे येऊरच्या पायथ्याशी बांधकामाचे नकाशे मंजूर होत राहिले, कर वसूल होत राहिला, घरे विकली गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने नोंदी अद्ययावत करण्याचा आदेश दिल्यावर ठाणे, मुलुंड, भांडुप येथील जमिनींवर ‘खाजगी वन’ असे शेरे चढले, आणि घरांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले. २४ मार्च २००८ रोजी उच्च न्यायालयाने शासनाची बाजू उचलून धरली. ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज आणि बॉइस यांच्या अपिलात न्यायमूर्ती मदन लोकूर यांनी तो निकाल फिरविला. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती बजावली गेली पाहिजे व कारवाई जिवंत पाहिजे. पन्नास वर्षे स्वस्थ बसलेल्या शासनाने घर घेणाऱ्यास ‘तू पाहून का घेतले नाहीस’ असे विचारणे त्याला शोभत नाही, असा निकालाचा रोख आहे.

नोटिसा निष्प्रभ झाल्या. दरम्यानच्या वर्षांत जो व्यवहार मोडला, जे कर्ज मिळाले नाही, जी विक्री पडेल भावाने करावी लागली, त्याची भरपाई हा त्या अपिलाचा विषय नव्हता. तसा दावा कोणास लावावयाचा असल्यास आधी ८० व्या कलमाची नोटीस, नंतर संविधानाच्या ३०० व्या अनुच्छेदाचा आधार. तो अनुच्छेद सांगतो की, संसद किंवा विधिमंडळ निराळा कायदा करीपर्यंत राज्यावर पूर्वी ज्या बाबतीत दावा होऊ शकत होता त्याच बाबतीत तो होऊ शकेल. निराळा कायदा झालेला नसल्याने ‘पूर्वी’ या शब्दाचा अर्थ १९३५, १९१५ व १८५८ च्या कायद्यांतून मागे जात जात किद्दरपूरच्या गोदीपाशीच शोधावा लागतो.